खिशातली तेलाची बाटली

अलिबागजवळच्या आमच्या कार्यशाळेत द्रव नायट्रोजन घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात तेलाची बाटली असे. खाऱ्या वाऱ्यात सगळंच गंजतं, म्हणून जे कुरकुरेल त्याला तो दोन थेंब पाजायचा. आमचं फाटक, पंखा, माझी खुर्चीसुद्धा.

आम्ही एका मोठ्या दुर्बिणीसाठी प्रकाशाचे फिल्टर बदलणारं चाक बनवत होतो. ते द्रव नायट्रोजनच्या भयंकर थंडीत फिरणार होतं आणि त्या थंडीत तेलाचा दगड होतो, म्हणून त्याची बेअरिंग अगदी कोरडी ठेवलेली. चाचणीच्या सकाळी मी झाकण उघडं टाकून चहाला गेलो. परतलो तर हा ड्रायव्हर बाटली हातात घेऊन हसत उभा.

"सायेब, तुमचा चाक कुरकुरत व्हता. आता बघा, लोणी!"

मी वाकून पाहिलं, बेअरिंगचे छर्रे तेलाने चकचकत होते. तेवढ्यात आमच्या प्रमुख बाई आल्या.

"तेल? कोणी घातलं? ज्याने घातलं त्याचं उद्यापासून इथलं काम बंद!"

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. एरवी अशा वेळी मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं, "झाकण मी उघडं टाकलं, बाई. आणि तेल चालत नाही, हे त्याला मी कधी सांगितलंच नाही."

बाईंनी स्पिरिटची बाटली आमच्यापुढे ठेवली. "बसा दोघं. एकेक छर्रा धुवा."

दुपारभर आम्ही स्पिरिटने छर्रे धूत होतो. माझ्या हातून छर्रे सारखे निसटत होते. तो हळूच म्हणाला, "खरं बोलायची सवय न्हाय वाटतं? पयल्यांदा पोट बिघडतं, सायेब. आज रातीला हलकं जेवा."

मी मऊभात खाल्ला.