सात दिवसांचं पाणी

माझ्या पोटातलं सगळं थोरल्या बहिणीला ठाऊक असतं. हे तिलाही ठाऊक नाही. नवऱ्याला तर नाहीच — त्यांच्याशीच तर केलं. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून लिहिते.

कोल्हारला आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा पल्लवी तीन वर्षांची होती. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे, तीन खोल्या. घर आपल्याच हातानं नीट करायचं, हा आमच्या ह्यांचा हट्ट. हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. रविवार तेवढा घराला मिळायचा. मी वाळू चाळायची, सिमेंटचा माल कालवायची, घमेली उचलून द्यायची. थापी ह्यांच्या हातात. पल्लवी वाटीत ओला माल घेऊन भाकरी थापत बसायची आणि ह्यांना ती खोटी खोटी खाऊन दाखवावी लागायची. बरे दिवस होते — मग मी तसं का वागले? सांगते.

आधी स्वयंपाकघराची भिंत झाली. शेजारचे बाबूराव मिस्त्री, हात थरथरायला लागला म्हणून काम सोडलेले, खाटेवर बसून ह्यांना शिकवायचे. त्यांचं एकच पालुपद. "प्लास्टर मारलं म्हंजे झालं न्हाई. सात दिस, दिसातून तीनदा पानी. बाळंतिनीवानी जपायचं." हे कामावर, तेव्हा पाण्याचं काम माझ्याकडे. मी इमानानं मारलं. भिंत काचेसारखी निघाली.

लोक बघायला यायला लागले. "काय हात हाय राव!" तिसगावहून सासूबाई आल्या. भिंतीवरून हात फिरवून म्हणाल्या, "माज्या लेकानं एकट्यानं केलं."

एकट्यानं. चार महिने वाळू चाळून माझ्या तळहातांची सालटी निघाली होती. मी चहा टाकायला उठले. बोलायला हवं होतं का? हवं होतं. दोन वाक्यांत मिटलं असतं.

मग बाहेरच्या खोलीची मोठी भिंत. एका रविवारी, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. एप्रिल महिना, पत्रे तापलेले. सोमवारी हे कामावर गेले. बादली भरलेली होती, ड्रम काठोकाठ होता — पाणी नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. मी भिंतीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, एकट्यानं केलंय ना? मग राहू दे.

दुपारी ह्यांचा फोन. "पानी मारलं का?"

"मारलं."

संध्याकाळी हे यायच्या आधी मी तांब्याभर पाणी शिंपडलं. ओली दिसण्यापुरतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी राग उरलाही नव्हता — पण दोन दिवस खोटं बोलल्यावर आता खरं पाणी मारून काय होणार, असं वाटलं. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते असं झालं. सात दिवस.

पंधरवड्यात भिंतीला भेगा पडल्या. आधी केसासारख्या, मग नख जाईल एवढ्या. बाबूराव मिस्त्री काठी टेकत आले, बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. पोकळ. म्हणाले, "तानेली ऱ्हायली ही. पानी कमी पडलं."

हे लगेच म्हणाले, "पान्याचं सोडा, मिस्त्री. तीन टाइम मारलंय तिनं. ती मारलं म्हनली म्हंजे मारलं. माजाच माल चुकला."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "मग आसंल तसं," म्हणाले आणि गेले.

तेव्हा बोलता आलं असतं. आम्ही दोघं आणि एक लहान लेकरू, एवढेच घरात उरलो होतो. मी काय केलं? मी पल्लवीचं नाक पुसलं.

ह्यांनी ते प्लास्टर स्वतःच पाडलं. थापी धुतली, पुसली, तेल लावून गोणपाटात बांधली आणि माळ्यावर टाकली. राहिलेलं घर गवंड्यानं केलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत — मला कशाला बोलतील?

पंधरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात न्हाणीघराचा पोपडा पडला. पल्लवी म्हणाली, "पप्पा, मोबाईलवर बघून आपणच करू की."

हे हसले. "तुज्या बापाच्या हाताखाली सिमेंट टिकत न्हाई, बाई. मिस्त्री बोलव."

"मग स्वयंपाकघरातलं कसं टिकलं?"

"ते नशिबानं जमलं."

आमच्या घरातला हा जुना विनोद आहे. पाहुण्यांसमोरही होतो. सगळे हसतात. मीही हसते — दर वेळी, सगळ्यांबरोबर.

त्या भिंतीशेजारीच मी रोज भाकरी करते. तिला अजून एक भेग नाही. वाजवली तर भरीव वाजते. नशीब कसलं? त्यांचा हात चांगला होता. दुसऱ्या भिंतीला मी पाणी मारलं नाही.