कुसुमबाईंचा पाव फुगला काय?

चार मास्तरणी एकाच शाळेत वर्षानुवर्षं राहिल्या, की किस्से जमवावे लागत नाहीत. डब्याच्या तळाशी लोणच्याचं तेल साचतं तसे ते साचतात. आमच्या आरमोरीच्या शाळेतले निम्मे किस्से एकट्या कुसुमबाईंच्या गोड पावाचे!

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुसुमबाई ट्रेनिंगला चंद्रपूरला गेल्या, मैत्रिणीकडे घरी भाजलेला गोड पाव खाल्ला आणि येताना काचेच्या झाकणाचा गोल ओव्हनच घेऊन आल्या. एसटीत तो मांडीवर होता. शेजारच्या आजीनं ब्रह्मपुरीपर्यंत धीर धरला. मग म्हणाली, "बाई, टीव्ही आता गोल बी भेटते काय?"

*

पहिल्या पावाला त्यांनी यीस्ट उकळत्या दुधात घातलं. ते बिचारं तिथंच संपलं! दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडला. मी एक तुकडा खाल्ला आणि मनापासून म्हणाले, "कुसुमबाई, पोळी मस्त झाली!"

पाव फुगला नव्हता, पण कुसुमबाई चार दिवस फुगल्या.

*

मग यीस्ट संपलं. आरमोरीत ते कुठं मिळायला! शाळेतल्या शिपाईबाई म्हणाल्या, "मोहफुलं भिजवा ना बाई. दोन दिवसात आपोआप फसफसते."

फसफसलं की! वास पार चौकापर्यंत गेला. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. शेजारचे हवालदार वर्दी चढवूनच आले. "बाई, वास येऊन राह्यला. अन् तुमी त शाळेत शिकवता!"

कुसुमबाईंनी गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, फडकं काढलं. आत कणीक. हवालदारांनी बोटानं दाबून पाहिली, बराच विचार केला आणि म्हणाले, "मंग हे पेतेत कसं?"

*

आम्ही महिनाभर हसलो. कुसुमबाईंना मात्र ते महागात पडलं. त्यांचे सासरे, म्हणजे मामाजी, दारूबंदीसाठी गावोगाव पायी फिरलेले. "माह्याच घरात मोह सडवला!" एवढं बोलून त्यांनी सुनेशी अबोला धरला. चहा घ्यायचे, पण मी घरी गेले की सून समोर उभी असताना मला सांगायचे, "बाई, त्यांले सांगा, साखर कमी हाये."

एरवी धाडसी बाई, पण एकदा स्टाफरूममध्ये रडल्या. "पाव नाई फुगला तरी चालते मले. मामाजींनी एकदा 'सूनबाई' म्हणून हाक मारावी." थट्टा करायचं कुणालाच सुचलं नाही.

*

एकदा पाव अर्धा भाजला आणि लाईट गेली. कुसुमबाई डोकं धरून बसल्या. मामाजी ओसरीवरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांगा त्यांले, दवाखान्याच्या गल्लीत लाईट हाये."

झालं! आम्ही गरम ओव्हन गोधडीत धरून वरातीसारख्या निघालो. तिथल्या एका अनोळखी काकूंनी प्लग दिला आणि पाव होईपर्यंत आपल्या तीन मुलींची स्थळं आम्हाला सांगितली. पाव खाली करपला. मामाजींना वाटीत नेऊन दिला, तर वाटी तशीच परत आली. फक्त वरचा कवडीएवढा तुकडा गायब होता. "मांजरीनं खाल्ला असंन," मामाजी मला म्हणाले. घरात मांजर नव्हती!

*

त्या वर्षी डिसेंबरात थंडी कडक होती. यीस्ट चंद्रपूरहून आलेलं, खरं, ताजं. मधल्या सुट्टीत कुसुमबाई घरी जाऊन कणीक मळून, चुलीजवळ झाकून ठेवून आल्या. पाच वाजता आम्ही चौघी चहाला त्यांच्याकडे गेलो, तर चुलीजवळ गंज नाही! सगळं घर शोधलं. कुसुमबाईंचा चेहरा पडला.

शेवटी मागच्या अंगणात गेलो. उतरत्या उन्हाच्या तुकड्यात मामाजी बसलेले. अंगात नुसती बनियन, दात कडकड वाजत होते. मांडीवर गंज, आणि गंजाला त्यांची लोकरीची शाल चांगली दोन वेढे गुंडाळलेली.

"मामाजी!" कुसुमबाई ओरडल्याच. "एवढ्या थंडीत! शाल घ्या ना अंगावर!"

मामाजींनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल, सूनबाई. आत्ताच कुठी फुगून राह्यला तो!"