काळ्या डोहातली घोडी

फैजपूरहून दक्षिणेला तापीकाठी एक गाव आहे. तिथं उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावतात. १९८७ साली कुंदाची वाडी सगळ्यांत शेवटी होती, काळ्या डोहाला लागून. तिकडं दुसरं कोणी फिरकत नसे, कारण वैशाखात भर दुपारी त्या डोहातून घोडे बाहेर येत.

कुंदा तेव्हा एकोणीस वर्षांची. आई तिच्या लहानपणीच गेली. वडील, झुलालनाना, यांना उजवा हात नव्हता. डोहातल्या काळ्या घोडीनं तो तोडला होता. ज्याला डोहानं तोंड लावलं त्याच्या घरापर्यंत डोह येतो, असं बाया म्हणायच्या. त्यामुळं घराशी कोणाचं येणंजाणं राहिलं नाही, आणि कुंदाला स्थळही आलं नाही. नाना दिवसदिवस बोलत नसत.

सकाळी ती वेलांना पाणी घाली आणि ऊन तापलं की काठावरच्या कडुनिंबावर चढून बसे. घोडे यायचे. त्या भट्टीसारख्या उन्हातही त्यांच्या आयाळीतून पाणी गळायचं, आणि कोरड्या वाळूत खूर उमटला की खळग्यात पाणी साचायचं. ते टरबुजं फोडून खात. एखादी चुकार बकरी सापडली तर तीही. कुंदाला भीती वाटे. पण दिवसभरात तिच्या इतक्या जवळ दुसरं कोणी येतही नसे.

एके दुपारी निंबाखाली एक अनोळखी तरुण उभा दिसला, डोहाकडं बघत.

"वर ये!" कुंदा ओरडली. "मरायचं हाये का तुले?"

तो झपाझप वर चढला. तेवढ्यात घोडे खालून गेले. काळी घोडी झाडाखाली थांबली, मान वर करून दोघांकडं बघितलं आणि पुढं गेली.

"कितली देखनी शे!" तो पुटपुटला.

"तिनंच माह्या बापाचा हात खाल्ला."

तो तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "आनि तू रोज आठे, या झाडवर, एकटी बसस?"

असं कधी कोणी विचारलं नव्हतं. कुंदानं सरकून त्याला फांदीवर बसायला जागा करून दिली.

त्याचं नाव अभिमन. शिरपूरकडचा, घोडे शिकवणारा. गावातल्या जीवरामआबांचा घोडा वळणावर आणायला आला होता. मग तो रोज दुपारी निंबावर येऊ लागला. ती टरबूज कापी, तो सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या गोष्टी सांगे. त्याचं 'शे' ऐकून ती हसे, तिचं 'हाये' ऐकून तो हसे. दुपार लवकर व्हावी असं तिला पहिल्यांदाच वाटू लागलं.

काळी घोडी धरायचं त्याच्या मनात होतं.

"तिनं एक शिंगरू दिलं तर आपलं घर उभं राही," तो म्हणाला. "तुन्हं नि मन्हं."

कुंदानं नानांना विचारलं. नानांनी डाव्या हातानं रिकामी बाही सारखी केली. मग म्हणाले, "लोखंडानं नई धरली जात. केळीच्या सोपटाचा दोर कर. तो ओला हाये तवरच ती तुही. वाळला का संपलं."

पंधरा दिवस दोघं केळीच्या सालपटांचा दोर वळत बसले. तिच्या आयुष्यातले तेवढेच दिवस असे गेले, की संध्याकाळी घरी जाताना ती गाणं गुणगुणत असे.

आणि घोडी सापडली. टरबुजावर वाकलेली असताना अभिमननं झाडावरून फास टाकला, कुंदानं दोरावर घागर ओतली. घोडीनं लाथेनं दोन वेल उपटले, एकदा किंचाळली, आणि उभी राहिली. आबांच्या केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात तिला बांधलं. सगळं गाव बांधावरून बघायला आलं. बाया पहिल्यांदाच कुंदाशी बोलल्या.

नवव्या दिवशी वीज गेली. दोन दिवस मोटार बंद, पाट कोरडा. कुंदा दोन मैलांवरून घागरी आणून दोरावर आणि घोडीवर ओतत राहिली. तरी घोडीची कातडी आटलेल्या डबक्यातल्या चिखलासारखी तडकत गेली.

"परवा ट्रक आनस," अभिमन म्हणाला. "शिरपूरले विहीर शे. तठे ती ठीक व्हई."

"पोचणार नई ती. मरंल."

"नही मरत. घोडा मले समजस."

"ही घोडी नई, अभिमन."

तो ट्रक ठरवायला फैजपूरला गेला. कुंदानं उरलेलं पाणी दोरावर टाकलं, गाठ सोडली आणि घोडीला नदीकडं चालवलं. घोडी अडखळत, तिच्या खांद्यावर मान टाकून चालली. वाळूत पोचल्यावर पाण्याचा वास लागला तशी तिच्या अंगात ताकद आली. कुंदा गळ्यातला फास काढत होती. घोडीनं एकच झटका दिला आणि डोहात गेली. कुंदाच्या डाव्या हाताची दोन बोटं तिच्याबरोबर गेली.

अभिमन परतला तेव्हा ती काठावर हात दाबून बसली होती. त्यानं डोक्याचा रुमाल फाडून हात बांधला, बैलगाडीतून डॉक्टरकडं नेलं, टाके पडेपर्यंत शेजारी बसला. मग म्हणाला, "एक दाव इचारती तरी मले."

"इचारलं असतं तर तू नको म्हटला असता."

त्यानं होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गेला. पत्र आलं नाही.

नाना ९२ साली वारले. कुंदा एकटीच वाडी लावत राहिली. कोणाच्या म्हशी डोहाजवळ गेल्या की लोक तिला बोलवायला येत, काम झालं की निघून जात. चहाला कोणी थांबत नसे.

त्र्याण्णवच्या मार्चात ती शिरपूरला गेली, अभिमनला एकदा भेटावं म्हणून. तिथं त्याचं घोड्यांच्या सामानाचं दुकान होतं. तो तिला ओळखून उभा राहिला, मग त्याची नजर तिच्या हाताकडं गेली. त्याच्या बायकोनं, रेशमानं, चहा दिला. ती आत गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "घोडीले सोडी दिधं, त्यान्हं कधी वाईट वाटनं का?"

"रोज वाटते," कुंदा म्हणाली. "पन परत तेच केलं असतं."

"मले माहीत शे," तो म्हणाला.

तो स्टँडपर्यंत सोबत आला. फैजपूरची गाडी लागलेली होती. कुंदाला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा राहिला. चोपडा येईपर्यंत ती बाहेर बघत होती, मग तिला झोप लागली.