आमचा न बसणारा कोच

आमच्या कोचला मी कधी बसलेला पाहिला नाही. चहासुद्धा तो येरझाऱ्या घालत प्यायचा आणि अर्धा सांडायचा. "अबे, हा माणूस झोपतो तरी कसा?" माझा नागपूरचाच रूममेट विलास विचारायचा. "उभ्यानं," मी म्हणायचो.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी आम्ही दोघं लंडनच्या इल्फर्ड भागात राहत होतो. क्रिकेटच्या टीममध्ये जागा मिळाली नाही, म्हणून पार्कातल्या बेसबॉल क्लबात शिरलो. कोच अमेरिकन. तिकडे तो व्यावसायिक संघांत शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू; जमिनीलगत येणारे सगळ्यात वाईट चेंडू त्याच्या वाट्याला. "चेंडू यायची वाट बघत उभा राहिलास तर उशीर झाला, नागपूर," तो मला बजावायचा. माझं नाव त्याला कधी जमलं नाही.

पहिल्याच सामन्यात मी चेंडू सरळ फील्डरकडे मारला आणि क्रिकेटच्या सवयीनं हात वर करून 'नो' म्हणत उभा राहिलो. आउट!

"कोणाला थांबवत होतास?"

"कोच, आमच्यात पळायचं की नाही हे बॅट्समन ठरवतो."

"मजा आहे तुमची! इथे मारलंस की पळायचंच."

त्याचं स्वतःचं करिअर मात्र बॅटनंच अडवलं. फील्डिंगला तोड नव्हती, पण बॅटिंग यथातथाच. सर्वांत वरच्या लीगचं दार काही उघडलं नाही. मग इंग्लिश बायकोबरोबर लंडन, आणि रविवारी आम्ही.

एका रविवारी तो जास्तच अस्वस्थ होता. जुन्या संघानं त्याला नव्या पोरांचा कोच म्हणून बोलावलं होतं, पण बॅटिंगचा. "ज्याला मारता आलं नाही, तो काय शिकवणार? हसतील मला."

मी सरळ बोलणारा माणूस. म्हटलं, "आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. तेव्हा मलाही लोक हसले. मी डिग्री घेऊनच बाहेर पडलो. तुम्ही जा."

त्यानं बॅट उचलली आणि विलासला चेंडू टाकायला लावलं. पहिला हुकला. "खांदा आधी वळला," तो पुटपुटला. दुसराही हुकला. "आता डोकं हललं." प्रत्येक चुकीचं कारण त्याच्याकडे तयार. मग बॅट माझ्या हातात दिली. मीही हुकलो.

"हेच! तरुणपणी मी हेच करायचो!" तो ओरडला आणि माझं कोपर धरून जरासं आत ढकललं. पुढचा चेंडू झाडांपलीकडे गेला.

तो कुठे पडला हे बघायलाही कोच थांबला नाही. बायकोला फोन लावत तो गेटाकडे निघाला होता, "ऐक, आपण जातोय."