रुळाला हळद-कुंकू

गणपती बसायच्या आदल्या दिवशी गंगाखेडला आमच्या घरात रेल्वे अडली... खरंच सांगते. मी नवीन नवरी, लग्नाला दोन महिने झालेले, शिक्षण चौथी.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, रेडिओ दुरुस्त करायचे. मंडळाच्या देखाव्यासाठी त्यांनी पितळी पट्ट्यांचे रूळ केले, वर खेळण्यातलं इंजिन. गाडी पुढं जाऊन गोल वळसा घेणार आणि त्याच रुळानं परत येणार, असं गल्लीभर सांगून बसले होते.

पण वळशाचं शेवटचं टोक जोडलं की फट्... फ्यूज उडायचा. परभणीहून माहीतगार आणावा तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसट्या जागेवर उभ्या. मंडळाची पोरं हसायला लागली, "मामा, हातानं उचलून ठिवू की गाडी!" मामंजींचं तोंड बघवेना.

मला कुठला धीर! एक रूळ प्लस, एक मायनस, एवढं त्यांच्या पुटपुटण्यातून कळलं होतं. पूजेचं ताट ओढलं. एका रुळावर कुंकवाचं बोट फिरवत गेले, दुसऱ्यावर हळदीचं... अख्खा वळसा.

सासूबाई ओरडल्या, "अगं, रुळाची पूजा करायलीस का? तिकडं भाकर जळायलीय!"

जळू दे म्हटलं. वळसा संपला तिथं कुंकवाचा रूळ हळदीच्या रुळाला येऊन चिकटला होता.

"मामंजी, हे बघा. लाल पिवळ्याला भिडायलाय. फ्यूज उडंल न्हाई तर काय!"

सासऱ्याशी असं तोंडावर बोलायची रीत नव्हती. आता माहेरी धाडतात, वाटलं.

मामंजींनी करवत घेतली. वळशाचे रूळ दोन्ही टोकांना कापून वेगळे केले, त्यांना वेगळी वायर दिली. सरळ रुळाच्या वायरीत प्लस-मायनस पालटणारा खटका बसवला. अख्खी गाडी वळशात शिरली की खटका पालटायचा, म्हणजे बाहेर पडताना प्लसला प्लसच मिळायचा... गाडी न अडता बाहेर!

दुसऱ्या दिवशी गाडी वळून परत आली, मंडपात नुसत्या टाळ्या. कुणीतरी विचारलं, "मामा, कसं जमवलं?"

"मला न्हाई जमलं. सुनेनं चूक धरली."

लोक मला फटकळ म्हणतात. असेन. पण सासरी मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते ऐकून घेणारा, आणि भर मंडपात सांगणारा सासरा मला मिळाला... आज मामंजी नाहीत. त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथं लिहिलं.