पायरीवरचा पालथा कप

"हा पण घे ना, धुतेच आहेस तर."

असं म्हणून गौरीनं तिचा उष्टा कप माझ्या हातात दिला. मी घेतला. धुतला. माझ्या कपाशेजारी पायरीवर पालथा घातला. तिला वर हसून पण दाखवलं.

हे घडलं आयर्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात, आमच्या प्राध्यापकबाईंच्या परसात. मी बावीस वर्षांची. शिष्यवृत्तीवर एमएस्सी करायला आलेली. आमच्या बौद्धवाडीतून विमानात बसलेली पहिली मुलगी. गावानं विहारात सत्कार केला होता, शाल-नारळ दिला होता. आणि इथं येऊन मी हे दिवे लावले.

त्या रविवारी बाईंनी वर्गातल्या आठ जणांना चहाला बोलावलं होतं. त्यांना नोरा म्हणायचं, मॅडम म्हटलं की रागवायच्या. चहा झाला, केक झाला. बाकीच्यांनी कप टेबलावर तसेच ठेवले आणि गप्पा चालू. मी मात्र उठले. कुणी सांगितलं नव्हतं. कप उचलला आणि मागचं दार उघडून बाहेर गेले. तिथं झाडांना पाणी घालायचा नळ होता. पाणी असलं गार की बोटं काकडली. आत स्वयंपाकघरात गरम पाण्याचा नळ, आणि मी शहाणी बाहेर थंडीत कप विसळतेय! विसळला, पायरीच्या कडेला पालथा घातला आणि हात जीन्सला पुसले. तोवर मला काही वावगं वाटलंच नव्हतं.

मागं वळले तर दारात नोरा. "इथं का? आत सिंक आहे की," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. कानशिलं तापली. आणि तोंडातून काय निघालं? "आमच्याकडे पद्धत आहे. पाहुण्यानं आपला कप आपण धुवून बाहेर ठेवायचा. त्या घराचा मान म्हणून."

मान! डोंबल माझं.

नोरा बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्यांना हाक मारली. सगळे हसत-खिदळत आपापले कप घेऊन नळावर आले. एक स्पॅनिश पोरगा, दोन जर्मन मुली, सगळे ओळीत. विसळायचे आणि पायरीवर पालथे घालायचे. नोरांनी फोटो काढला. आमच्या शंभर पिढ्यांनी जे मान खाली घालून केलं ते ही पोरं खेळ म्हणून करत होती, आणि तो खेळ मी लावून दिला होता.

गौरी तेवढी दारातच थांबली. ती श्रीवर्धनची. घरची मोठी नारळी-पोफळीची बाग. वर्गात मराठी आम्ही दोघीच. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "तुमची बाग कुठे गं?" मी म्हटलं, "चौलला." बाग चौलला होतीच की. माझी आई तिथं सुपारी सोलायला जायची. तेवढंच सांगायचं मी टाळलं होतं. चार महिने मी गौरीबरोबर बागायतदाराची लेक बनून हिंडले, सुपारीच्या भावाबद्दल पण बोलायचे.

ती पायरीवर आली आणि हळूच मराठीत म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे नाही हं असं करत. गडीमाणसं करतात." बाकी कुणाला कळायचं कारणच नव्हतं. मग तिनं कप पुढं केला. तिनं गप्प बसावं म्हणून मी तो धुतला.

आता चौलचं सांगते, म्हणजे माझे हात कशाला सरावले होते ते कळेल.

आई ज्या घरी जायची तिथल्या मालकीणबाईंना सगळे काकी म्हणायचे. मागच्या दारी पडवीत बसून आई सुपारी सोलायची. मी लहान असताना शाळा सुटली की तिच्याजवळ जाऊन बसायचे. चार वाजता चहा यायचा. भिंतीतल्या देवळीत आमचे दोन कप वेगळे ठेवलेले. आपला कप आपण काढायचा, पायरीवर ठेवायचा, मागं सरायचं. काकी वरून चहा ओतायच्या. पिऊन झाला की पाण्याच्या दगडी दोणीवर विसळायचा आणि पायरीच्या कडेला पालथा घालायचा, निथळायला. काकी वाईट बोलायच्या नाहीत. सणाला पुरणपोळी द्यायच्या, माझी पुस्तकं पण घेऊन दिली. घरातला जुना कंपास दिला. म्हणून तर कळायला इतकी वर्षं लागली.

दहावीत मी केंद्रात पहिली आले. काकींनी मला पुढच्या दारानं आत बोलावलं. खुर्चीवर बसवलं. बशीतला कप दिला. म्हणाल्या, "उद्यापासून आमच्या नातवाला गणित शिकव." दोन वर्षं मी पुढच्या दारानं आत जात होते आणि त्याच घरात माझी आई मागच्या दारानं येत होती. एकदा मुंबईच्या पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही कोण?" काकी म्हणाल्या, "आमच्या सुपारीवाल्या बाईची. पण वाटत नाही ना?"

वाटत नाही ना! आणि मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. खरंच झाला. घरी येऊन मी आरशात बघितलं.

पण हे पण काहीच नाही. जे सांगायला इतकी वर्षं माझी जीभ उचलली नाही ते पुढं आहे.

एका संध्याकाळी मी गणिताची वही घरी विसरले. आई ती घेऊन धावत आली. अंगावर कामाचं लुगडं, केसात सुपारीच्या सालीचा भुसा. घाईत ती पुढच्या ओट्यावर चढली आणि मला हाक मारली. आत नातवाचे मित्र बसलेले. मी उठून दारात गेले आणि दात-ओठ खाऊन म्हणाले, "मागनं ये. पुढनं नको येऊ."

काकी घरात नव्हत्या. दुसरं कुणी काही बोललं नव्हतं. मी म्हणाले. तिच्या पोटच्या पोरीनं सांगितलं.

आई म्हणाली, "चुकलं गो बाय." मला म्हणाली. चप्पल हातात घेतली, घराला वळसा घालून मागच्या दारी गेली, आणि तिथून वही दिली.

तर नोरांनी तो फोटो आमच्या विभागाच्या भिंतीवर लावला. खाली लिहिलं, भारतीय किनाऱ्यावरची सुंदर परंपरा. महिन्याभरात विभागात निरनिराळ्या देशांच्या मुलांचा कार्यक्रम होता. "तू दहा मिनिटं या पद्धतीवर बोल," त्या म्हणाल्या. मी हो म्हणून बसले. भिंतीवरच्या फोटोसमोरून जायला नको म्हणून मी जिना बदलला. जेवण जाईना. अभ्यासाला बसले की आई हातात चप्पल घेऊन चालताना दिसायची.

शेवटी एका सकाळी फोन लावला. तिकडं दुपार, आई जेवून बसली होती. सगळं सांगितलं. गोऱ्या पोरांनी कप पालथे घातले म्हटल्यावर आधी ती खूप हसली. "येडी कुठली," म्हणाली. मग मी गौरीच्या कपाचं सांगितलं. तिचं हसणं थांबलं.

"तिचा उष्टा कप तू धुतलास?"

"हो."

"कशाला? मी माझा कप धुते. काकीचा त्या धुतात. इतकी वर्सं झाली, मी त्यांचा कप हातात पन धरला न्हाय. तू कशाला धरलास?"

त्यांनी धरू दिला नसता, आई. हे माझ्या ओठावर आलं होतं. पण ती ते इतक्या ताठ्यानं बोलली की मी गिळलं. मग म्हटलं, "आई, तुला आठवतं, मी तुला मागनं ये म्हणाले होते?"

"ते व्हय? इसरले मी."

फोनमधून तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"न्हाय इसरले," ती म्हणाली. "त्या दिवशी लय लागलं. काकीचं कधी लागलं न्हाय तेवढं."

मी रडले. तिनं रडू दिलं. मग विचारलं, "आता त्या कारेक्रमात काय सांगनार हायस?"

"खरं सांगू?"

"मला कशाला इचारतेस? खोटं बोलताना इचारलंस का?"

कार्यक्रमाला साठ-सत्तर माणसं होती. गौरी दुसऱ्या ओळीत. मी फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाले, "ही परंपरा सुंदर नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले." मग देवळीतले दोन कप सांगितले. वरून ओतलेला चहा सांगितला. काकींचं नाव घेतलं नाही, पण चौलचं घेतलं. मग आईला मी कुठल्या दारानं यायला सांगितलं तेही सांगितलं. तिथं मधेच थांबले. पाणी प्यायले आणि परत ते वाक्य पहिल्यापासून बोलले. अर्धवट नव्हतं सोडायचं मला.

नोरा बाई पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, "मी आत्ता तो फोटो काढून टाकते." मी म्हटलं, "काढू नका. खालचं लिहिलेलं बदला." त्यांनी बदललं. वाचून बरेच जण माझ्याशी जपून बोलायला लागले. मला तेही आवडलं नाही.

गौरी बाहेर भेटली. "गंमत केली होती गं मी. एवढं मनाला लावून घ्यायचं? आणि आपल्या घरातलं यांच्यासमोर कशाला?" मी म्हटलं, "आपल्या नाही. तुमच्या घरातलं. आमच्या घरात दोन कप वेगळे ठेवायची ऐपत नव्हती, सगळे कप एकाच जातीचे होते." ती निघून गेली. परत बोलली नाही.

पण बागायतदारांचं नातं कुठं ना कुठं लागतंच. गौरीच्या मावशीकडून ते चौलला पोचलं. काकींनी आईला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांचं काम एका दिवसात गेलं. आई आता काशीदला एका रिसॉर्टात चादरी धुवायला जाते. पहाटे उठून एसटी पकडते. गुडघे सुजतात. मी इथं हीटर लावून बसते आणि तिथं माझ्या खरं बोलण्याची भरपाई तिचे गुडघे करतात. कुणी म्हणतं, तू धाडस केलंस. मला ते ऐकवत नाही. धाडस करायला मी हजारो कोसांवर होते, ती दाराशी होती. त्या दारातून तिला मी एकदा परत पाठवलं होतं आणि आता तिचं कामही मीच घालवलं.

गेल्या आठवड्यात काकींचा निरोप आला. आईनंच फोनवर वाचून दाखवला, शेजारच्या पोरीनं लिहून घेतलेला. "पोरगी अजून लहान आहे. तिनं चार ओळी लिहून पाठवाव्यात की चौलबद्दल ती खोटं बोलली. मग तू सोमवारपासून कामावर ये. मागचं सगळं विसरू."

मी म्हटलं, "आई, तू काय म्हणतेस?"

"गुडघे दुखतात," ती म्हणाली. "पन तू लिहू नको."

मी लिहिलंय. चार ओळीच. "काकी, मी खोटं बोलले हे खरं आहे. तुमच्या घरच्या रिवाजाला मी परक्या मुलखात मान म्हणाले, ते खोटं होतं. ते मी सगळ्यांसमोर परत घेतलंय. आता दुसरं खोटं बोलणार नाही."

खाली माझं पूर्ण नाव, आईचं नाव आणि बौद्धवाडी, असं लिहून आज सकाळी पोस्टात टाकलं.