जाळी पूजेत होती

लातूरला मला मिळालेली नोकरी अनुदानाची होती. कामगारांच्या सुरक्षेसाठी केंद्राकडून राज्याला पैसे यायचे, राज्याकडून आमच्या कार्यालयाला, आणि त्यातून लहान कारखान्यांना हेल्मेट, मास्क, चष्मे आणि यंत्रांवर बसवायच्या जाळ्या मिळायच्या. या वस्तू वापरात आहेत का ते बघून फोटो काढणं हे माझं काम. अनुदानाला दर वर्षी मुदतवाढ मिळायची, तशी मलाही.

लोकांशी बोलता येतं का, असं मुलाखतीत विचारलं होतं. मी हो म्हणाले. नांदेडला मी इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी बोलते, आणि अनोळखी माणसांसमोर माझ्या दोन्ही भाषा सारख्याच बंद होतात. पण फोटो काढायला बोलावं लागत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

औसा रोडवरची एक डाळमिल माझ्याकडे होती. तिथे मोटरचा पट्टा एका मोठ्या चाकावरून फिरतो, आणि त्या चाकाला लागून एक मावशी सांडलेली तूर झाडत असतात. मिलमध्ये सगळ्यांत जुन्या त्याच. आदल्या वर्षी त्यांचा पदर पट्ट्यात गेला होता. पदर फाटला म्हणून मावशी वाचल्या. तेव्हापासून त्या पदर कमरेला घट्ट खोचून झाडतात. आम्ही येईपर्यंत मिलमधला सुरक्षा कार्यक्रम एवढाच होता. मग अनुदानातून चाकावर लोखंडी जाळी बसली. जाळीसोबत फोटो काढताना शेठनी का कोण जाणे हात जोडले.

खंडेनवमीला मी गेले तर चाक उघडं. मिल बंद होती, त्यामुळे तसं बिघडत काही नव्हतं. मिलच्या फिटरला सगळे चाचा म्हणतात. दर वर्षी पूजेची मांडणी तेच करतात. कुठलं अवजार कुठे ठेवायचं हे त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. चाकाला हळदकुंकू लावायचं तर जाळीवरून कसं लावणार, असं त्यांनी मला विचारलं. जाळी कुठे दिसते का ते मी बघितलं. मग त्यांनी ऑफिसकडे बोट दाखवलं.

ऑफिसात देवाच्या फोटोसमोर नट आवळायचे पाने, हातोडे, पोती शिवायचं मशीन, शेठच्या मुलाचा लॅपटॉप, आणि मागे भिंतीला टेकवून आमची जाळी, झेंडूचा हार घातलेली. हेल्मेटं एकावर एक रचून प्रत्येकाला कुंकू लावलं होतं. मास्क पाकिटातच होते, पाकिटावर कुंकू. अनुदानातली प्रत्येक वस्तू मला एका जागी आणि स्वच्छ अशी पहिल्यांदाच दिसली. मी फोटो काढला. जाळी उद्या पूजा उचलली की बसेल, असं चाचांनी सांगितलं.

दसऱ्याला सुट्टी होती, पण आमच्या कार्यालयातल्या साहेबांना चालू मिल आणि बसलेली जाळी एकाच फोटोत हवी होती. म्हणून नांदेडची बस धरण्याआधी मी तिकडे गेले. मोटरजवळ सगळे नवे कपडे घालून उभे होते. मुहूर्ताला पहिलं सूप तूर मावशींनी टाकायची, अशी तिथली पद्धत. त्यांना शेठनी नवी साडी दिली होती. ती इतकी सुळसुळीत होती की खोचलेला पदर दर वेळी सुटून खाली यायचा. मावशी सूप घेऊन चाकाशेजारी उभ्या राहिल्या.

चाक उघडंच होतं.

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे समजावलं. पूजा शेठच्या आई उचलतात, आणि मशीन सुरू झाल्यावरच उचलतात. म्हणजे पूजा उचलल्याशिवाय जाळी बसणार नव्हती आणि मशीन सुरू झाल्याशिवाय पूजा उचलली जाणार नव्हती. यात अडचण आहे असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. पाचच मिनिटं चालवायची आहे, असं शेठ म्हणाले. चाचांनी बटणावर हात ठेवला. मावशींचा पदर पुन्हा घसरला.

मी जाऊन मावशी आणि चाक यांच्या मधे उभी राहिले. जाळी असते बरोबर तिथे. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिले.

"म्याडम, बाजूला व्हा," शेठ म्हणाले.

मी झाले नाही.

"मुहूर्त चाललाय. काही बोलाल का न्हाई?"

कुणीतरी म्हणालं, फोटो काढायल्या असतील. माझा मोबाइल पर्समध्ये होता. शेठच्या आई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही काय जाळीच्या बदल्यात आली का?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण त्या हसण्यामुळे मला वाक्य जुळवायला वेळ मिळाला.

"पोती शिवायचं मशीनही पूजेत आहे," मी म्हणाले. "आधी ते सुरू केलं तर?"

शेठ म्हणाले, मुहूर्त मोटरचाच असतो, वडलांपासून तसंच आहे.

"तुझे वडील पोती हातानं शिवायचे," आई म्हणाल्या. "मशीन ते मशीन. लाव रे ते."

चाचांनी ऑफिसात जाऊन शिलाई मशीन पूजेतल्या जागेवरच चालू केलं आणि एका रिकाम्या पोत्याचं तोंड शिवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी पूजा उचलली. चाचांनी हारासकट जाळी आणून चाकावर बसवली आणि पान्याने बोल्ट आवळले. मी बाजूला झाले. मोटर सुरू झाली, मावशींनी सूपभर तूर टाकली. थोडी सांडली. त्या झाडू घेऊन वाकल्या आणि जाळीपाशी अडल्या.

"पोरी," त्या मला म्हणाल्या, "हिच्याखाली झाडू जात न्हाई. सरकारला सांग, बोटभर फट ठेव म्हणावं."

फट ठेवता येणार नाही, असं मी सांगितलं.

"मग लांब दांडीचा झाडू दे म्हणावं."

अनुदानाच्या यादीत झाडू नाही. मी विचारते म्हणाले. अजून विचारते आहे.